हडप्पा संस्कृतीतला ‘बालेकिल्ला’: शब्द कितपत बरोबर?

प्रश्न असा आला आहे: हडप्पा संस्कृतीच्या नगररचनेबद्दल वाचताना शहराच्या उंच भागाला कुठे ‘बालेकिल्ला’, कुठे ‘गढी’, तर कुठे ‘दुर्ग’ म्हटलेलं दिसतं. यातला नेमका शब्द कोणता? आणि तिथे खरोखर किल्ला होता का?

माझं मत ‘बालेकिल्ला’ या शब्दाच्या बाजूने आहे. मात्र त्याचा पूर्वार्ध सगळीकडे लागू पडतो, उत्तरार्ध काही ठिकाणीच.

या शब्दातल्या ‘बाले’चा बाळाशी किंवा लहानपणाशी काही संबंध नाही. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा, उंचावरचा. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट. वऱ्हाडात त्याच्या जोडीला घाटाखालचा पाईनघाटही आहे. काबूल, पेशावर आणि गोवळकोंडा इथला बालाहिसार याच घरातला, कारण हिसार म्हणजेही कोटच. राजगडावर तीन माच्या खाली आणि बालेकिल्ला सगळ्यांत वर, हे ज्याने पाहिलंय त्याला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ग्रीकांचा ‘अ‍ॅक्रोपोलिस’ही असाच, ‘माथ्यावरचं नगर’.

पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांतला शब्द आहे ‘सिटाडेल’. तो इटालियनमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ ‘छोटं शहर’ एवढाच. उंचीचा त्यात उल्लेखही नाही. सिंधू खोऱ्यात हा शब्द रुजवला तो मुख्यतः ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी. १९४६ साली हडप्प्याच्या पश्चिमेकडच्या टेकाडाभोवती त्यांना कच्च्या विटांची जाडजूड तटबंदी सापडली. व्हीलर स्वतः दोन्ही महायुद्धांत लष्करी अधिकारी राहिलेले. त्यांनी तिथे राज्यकर्त्यांचं ठाणं पाहिलं. ऋग्वेदात इंद्र ‘पुरं’ फोडतो, म्हणून तो पुरंदर. ती पुरं म्हणजे हीच, असंही त्यांनी सुचवलं. हे मत आता मागे पडलं आहे, पण ‘सिटाडेल’ टिकला आणि त्याच्या पाठोपाठ मराठीत ‘किल्ला’ आला.

आता मोहेंजोदडोच्या पश्चिम टेकाडावर प्रत्यक्ष काय आहे ते बघा. सगळ्यांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे महास्नानगृह: सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरतात. तळाच्या भाजक्या विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या लावल्यात, त्यांच्या सांध्यांत जिप्समचा गिलावा, आणि पाणी झिरपू नये म्हणून भिंतीमागे डांबराचा थर. एवढी निगुतीने केलेली कारागिरी आहे ती पाण्यासाठी! शेजारची मोठी इमारत ‘धान्याचं कोठार’ म्हणून ओळखली जाते, पण तेही व्हीलर यांचंच अनुमान. तिथे धान्य सापडल्याचा भक्कम पुरावा नाही. ठळकपणे राजवाडा म्हणावा असं काही नाही, शस्त्रागार नाही. मात्र हा सगळा भाग विटा-मातीच्या प्रचंड चौथऱ्यावर मुद्दाम उचललेला आहे. म्हणजे ‘बाला’ निर्विवाद, ‘किल्ला’ मात्र वादाचा.

राजस्थानातलं कालीबंगा आणि कच्छमधलं धोलावीरा इथली गोष्ट निराळी. कालीबंगात वरच्या आणि खालच्या, दोन्ही भागांना स्वतंत्र तट होते. धोलावीरात तर दगडाच्या भक्कम तटातला उंच भाग, मग मधलं नगर आणि पलीकडे खालचं नगर अशी विभागणी स्पष्ट दिसते. तिथे ‘बालेकिल्ला’ बेलाशक लिहावं. हडप्प्यात मात्र एकापेक्षा जास्त टेकाडांना आपापले तट आहेत, त्यामुळे एकाच टेकाडाला बालेकिल्ला ठरवलं की बाकीची उगीचच दुय्यम वाटू लागतात.

‘गढी’ मी टाळेन. गढी म्हटलं की देशमुख-पाटलांचा बुरुजबंद वाडा आणि त्यात राहणारं एक घराणं आपोआप डोळ्यांपुढे येतं. हडप्पा संस्कृतीत असं घराणं दाखवता आलेलं नाही. ‘दुर्ग’ म्हणजे जिथे जाणं अवघड ते. त्यात लढाईची छटा ‘बालेकिल्ल्या’पेक्षाही गडद आहे.

मोहेंजोदडोबद्दल लिहिताना मला ‘पश्चिमेचं टेकाड’ सर्वांत निर्धोक वाटतं. मराठी पुरातत्त्वात ‘पांढरीचं टेकाड’ हा सुंदर शब्द रुळलेलाच आहे: शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी, आणि पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होऊन वर आलेली जमीन म्हणजे पांढरीचं टेकाड. ‘लोअर टाउन’साठी ‘निम्न नगर’ असं अवघडलेलं संस्कृत कशाला, ‘खालचं नगर’ पुरे. ‘पेठ’ मात्र नको. पेठ म्हणजे बाजाराची वस्ती, आणि खालच्या नगरात दुकानांपेक्षा विहिरी, न्हाणीघरं आणि झाकलेली गटारं असलेली राहती घरंच जास्त आहेत.