जुबाला नोकरी, पण बायको-मुलाला न्यावं का?

दादा, तुम्ही विचारलंत, दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, बांधकाम साहित्याच्या दुकानात स्टोअरकीपरची नोकरी मिळतेय, पगार डॉलरमध्ये, तर बायकोला आणि तिसरीतल्या मुलाला सोबत न्यावं का. व्हिसा, पिवळ्या तापाची लस वगैरे वकिलात सांगेलच. मी दुसरंच सांगतो.

दक्षिण सुदानला समुद्र नाही. सिमेंट, पत्रे मोंबासा बंदरातून युगांडामार्गे सीमेवरच्या निमुलेच्या नाक्यावरून येतात. सरकारची बहुतेक सगळी कमाई तेलाची, आणि ते तेलही सुदानमधल्या पाइपलाइननंच बाहेर जातं. २०२३ ला सुदानात युद्ध पेटलं, २०२४ च्या फेब्रुवारीत पाइपलाइन फुटली आणि इथले सरकारी पगार महिनोन्‌महिने थकले. माझ्या सहकाऱ्याची बायको सरकारी शाळेत शिक्षिका. ती पहाटे रस्त्याच्या कडेला चहा विकायची, मग शाळेत जायची. लोकांकडे पैसा नाही म्हटल्यावर आमच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि मालक पगार पुढच्या महिन्यावर ढकलतो. हातात मिळालेले डॉलरही उजेडात धरून बघा. जुन्या छपाईची किंवा कडेला जराशी फाटलेली नोट इथं कुणी घेत नाही.

आता मुलाचं. आमची मुलगी चौथी पास होऊन आली. जुबात ठेवायची हिंमत झाली नाही, म्हणून ती आणि तिची आई कंपालात. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, त्याचं भाषांतर करून आणलं तर म्हणे शिक्का चालणार नाही. तो कागद नाशिकहून पुन्हा येईपर्यंत सत्र संपत आलं, आणि शाळेनं तिला परत चौथीतच बसवलं. हुशार पोर, वर्गात पहिली यायची. तिचं वर्ष गेलं ते गेलंच. अजून आठवलं की जीव जळतो.

एकटेपणाचं विचारू नका, सवय होते.

२०१६ च्या जुलैत जुबात गोळीबार सुरू झाला तेव्हा भारत सरकारनं दोन विमानं पाठवली होती. मी गेलो नाही. मालकाकडे पगार अडकला होता आणि गावी घराचा हप्ता चालू होता. बायकोनं फोनवर विचारलं, "पैसे मोठे की आम्ही?" ते पैसे नंतर मिळाले, पण तिला उत्तर काही देता आलेलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये उपराष्ट्राध्यक्ष मशार यांना नजरकैदेत टाकलं, त्या रात्री तिचा पुन्हा फोन आला. या वेळी तिनं काहीच विचारलं नाही, नुसती मुलीकडे फोन देऊन मोकळी झाली.

तुम्ही या, दादा, कमाई आहे. पण मुलाला आणू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. आणि सही करण्याआधी करारात लिहून घ्या की निम्मा पगार दर महिन्याला थेट भारतातल्या खात्यात जमा होईल. मालक नाही म्हणाला तर कोल्हापुरातच थांबा.