हलक्या हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येतं का? एक इंजिनवाल्यात बसावं का?

दगडासारखं येत नाही. मी स्वतः आत बसून खाली आलोय, म्हणून लिहितो.

लातूरहून नांदेडला रिकामं हेलिकॉप्टर न्यायचं होतं. कॅप्टन साहेब आणि शेजारी मी, मेंटेनन्स इंजिनियर. चाकूर मागे पडलं आणि इंजिनाचा चिप लाइट लागला, म्हणजे तेलात धातूचा कण आलाय. साहेब उतरायला जागा बघतायत तोवर मागून खरखर आली आणि इंजिन गेलं. त्यांनी त्याच क्षणी कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, खाली दाबला. सगळं इथंच ठरतं. पात्यांचा कोन कमी झाला की खालून येणारी हवाच रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, फिरवत ठेवते, यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर रोटरचे फेरे इतके पडतात की परत येत नाहीत. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग कमी करायचा आणि उरलेल्या फेऱ्यांवर कलेक्टिव्ह एकदाच ओढायचा.

साहेबांनी ते अचूक केलं, पण खाली नांगरट झालेलं काळं रान. उजवं स्किड, म्हणजे चाकाऐवजी असतो तो खालचा दांडा, ढेकळात रुतलं, हेलिकॉप्टर कलंडलं, पातं जमिनीला लागून तुटलं. फ्युएल बंद केलं, बॅटरीचा स्विच पाडला आणि वरच्या दारातून दोघं बाहेर पडलो. साहेबांच्या खांद्याला मार लागला, बाकी काही नाही. धुऱ्यावरून माणसं पळत आली, त्यात एकाच्या तोंडात बिडी! त्याला दंडाला धरून लांब नेलं.

पेपरात 'तांत्रिक बिघाड' छापून आलं आणि आमचे दाजी पारावर सांगत सुटले, "मेकॅनिकनं नीट बघितलं नसणार." निघण्याआधी चिप प्लग, म्हणजे तेलातले धातूचे कण धरणारा चुंबक, मीच काढून बघितला होता. बोटाला काळी बारीक पूड लागली तर चालतं, सुईसारखा चकचकीत तुकडा दिसला तर उड्डाण बंद. त्या सकाळी प्लग साफ होता. तपासात आतलं बेअरिंग गेल्याचं निघालं. ते इंजिन खोलल्याशिवाय दिसतच नाही, आणि खोलायची मुदत आली नव्हती. विमान अपघाताचा तपास कुणावर दोष ठेवायला नसतो, पुढचा अपघात टाळायला असतो, असं नियमातच आहे. पाराला नियम नसतात.

25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर तारांना अडकून आदळलं, तेव्हाही दाजींनी मेकॅनिकलाच धरलं. त्या सिकॉर्स्कीला दोन इंजिनं होती, दाजी.

हां, वर लिहिलं ते उंची किंवा वेग हाताशी असेल तरच. सभेच्या मैदानातून सरळ वर उठताना, ना उंची ना वेग, तेव्हा इंजिन गेलं तर चांगल्या पायलटलाही फार काही करता येत नाही. त्यामुळे इंजिनं मोजण्याआधी विचारा, की इंजिनियरनं "आज नाही" म्हटलं तर कंपनी ऐकते का. प्रचाराच्या दिवसांत बुकिंगवाले फोनवर फोन करून दबाव आणतात. एका पुढाऱ्यासाठी दाजींनीही मला असाच फोन केला होता. मी उड्डाणाच्या कागदावर सही केली नाही.