आरसीसीबी: आधी कुठे लावायचा?

गिरगावातल्या जुन्या घराचं वायरिंग नव्याने करताय आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आधी कुठे लावायचा, असं विचारताय. हा विचार आत्ताच करताय हे उत्तम. एक गोष्ट पक्की समजून घ्या: एमसीबी (बोर्डातला नेहमीचा सुरक्षा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही. तो ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. अंगातून जमिनीत जाणारा थोडासा करंट त्याच्या गावीही नसतो. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परततो का, हेच बघत असतो. 30 मिलिअँपिअर गळतीला पडणाराच घ्या. 100 आणि 300 चे आगीच्या धोक्यासाठी असतात, शॉकसाठी नाहीत.

बजेट तंग असेल तर आधी हे:

- गीझर, बाथरूममधले सगळे पॉइंट
- वॉशिंग मशीन, ओट्यावरचे सॉकेट
- बाल्कनीतला पॉइंट

जमलं तर घरातले सगळेच सॉकेट. अर्थिंगही हवंच.

सगळ्यात मोठा घोळ न्यूट्रलचा. आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला की आरसीसीबी उगाच पडत राहतो. मग वायरमन वैतागून सरळ बायपास मारतो, म्हणजे आरसीसीबी वगळून थेट जोडणी करतो. हे अजिबात चालवून घेऊ नका. जुलैत भिंतीला ओल आली आणि आरसीसीबी पडायला लागला, तर तो त्याचं कामच करतोय. एकेक सर्किट बंद करून गळती कुठे आहे ते शोधा.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबी पडेलच असं नाही, त्यामुळे मेन बंद केल्याशिवाय बोर्ड उघडायचा नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. पडला नाही तर वायरमनला बोलवा.