गाडीतला अर्धा तास

"ताई, घरामागच्या नेटमध्ये तो सुरेख टाकतो, सामन्यात मात्र हात आखडतो. रोज समजावतो, तरी फरक नाही. प्लेऑफला तीन आठवडे उरलेत."

न्यू जर्सीतले एक बाबा सांगत होते. मुलगा सोळा वर्षांचा, हायस्कूलच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "इतकं समजावूनही सुधारत का नाही?" हा प्रश्न मला बहुतेक खेळाडूंचे पालक विचारतात.

आधी मी खांदा-कोपर तपासून घ्यायला लावलं. या वयात नेम अचानक गेला तर पहिल्यांदा डॉक्टरच. दुखणं काही निघालं नाही.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. "तुझा सामना कधी संपतो?" तो म्हणाला, "गाडीतून उतरल्यावर."

घरी परतायला अर्धा तास लागायचा. त्यात बाबा प्रत्येक वॉकचा (चार चेंडू चुकले की फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो, त्याचा) हिशोब मांडायचे: कोपर खाली आलं, पाय लवकर पडला. सगळं प्रेमापोटीच. पण मुलगा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा राहिला की हीच यादी डोक्यात सुरू व्हायची. अंगवळणी पडलेल्या हालचालीचा एकेक तुकडा तपासत बसलं की तिची लय तुटते. नेटमध्ये तो काही तपासत नव्हता, म्हणून तिथे चेंडू नीट जायचा.

बाबांना सांगितलं, गाडीत सामन्याचा विषय काढायचा नाही, त्याने काढला तरच बोला. त्यांना ते फार जड गेलं. "हे दिवस वाया गेले तर पुढे काय?" ते फिलाडेल्फियाच्या संघाचे चाहते, म्हणून मी त्यांच्याकडून खेळलेल्या पिचर रॉय हॅलडेची आठवण दिली. 2000 साली टोरांटोकडून खेळताना दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या खात्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या 10.64 धावा लागल्या; फारच वाईट आकडा. 2001 मध्ये त्याला पार खालच्या लीगमध्ये धाडलं. तिथे त्याने हाताचा कोन बदलला, मनावरही काम केलं. 2003 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि 2010 मध्ये फिलाडेल्फियाकडून आयुष्यातल्या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात त्याने सिनसिनाटीला एकही हिट दिली नाही, म्हणजे कुणालाच चेंडू मारून बेस मिळवू दिला नाही. बाबा गप्प झाले.

मुलाला एकच क्रम दिला. प्रत्येक चेंडूआधी माउंडच्या मागे उतरायचं, चेंडू हातात चोळायचा, श्वास लांब सोडायचा, कॅचरच्या (समोर चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लव्हवरची एक जागा धरायची आणि टाकायचं. कोचनी सरावात मुद्दाम बेसवर धावपटू उभे केले, म्हणजे दडपणातही तो क्रम पक्का व्हावा. या सरावाविना तो क्रम टिकला नसता, असं मला ठाम वाटतं.

प्लेऑफ ठरवणाऱ्या सामन्यात त्याने पहिल्या दोघांना वॉक दिले. मग मागे उतरला, चेंडू चोळला. पाच इनिंगमध्ये दोनच धावा गेल्या आणि संघ जिंकला.

रात्री बाबांचा फोन आला. गाडीत वीस मिनिटं कोणी बोललं नव्हतं. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, तिसऱ्या इनिंगमधला तो कर्व्हबॉल पाहिलास?"