बारशाच्या फोटोत हसले, नातीला बघून का नाही?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नात झाली, व्हिडिओ कॉलवर सगळं घर रडतंय हसतंय आणि पार्किन्सन्स (कंपवात) झालेले तुमचे हे मात्र ढिम्म, फक्त हातातल्या बशीतला चहा सांडला. वर बारशाच्या फोटोत "हसा" म्हटल्यावर मस्त हसले, त्याने तुम्ही अजूनच चिडलात. "४२ वर्षांचा संसार आणि आता दगडाशी बोलते" असं लिहिलंय तुम्ही.

अहो, त्या बशीकडेच बघा ना. पार्किन्सन्समध्ये माणूस आनंदला, घाबरला, चिडला, इतकंच काय नुसती मनातल्या मनात वजाबाकी करायला लावली तरी थरथर वाढते. म्हणजे बातमी आत पोचली होती, तोंडावर आली नाही एवढंच. ठरवून हसायचा मेंदूतला रस्ता वेगळा आणि आपसूक फुटणाऱ्या हसूचा वेगळा, आणि ह्या दुसऱ्या रस्त्याला डोपामिन नावाचं जे मेंदूतलं रसायन लागतं तेच ह्या आजारात आटत जातं. म्हणून फोटोत जमलं, कॉलवर नाही. पापण्याही कमी लवतात, त्यामुळे टक लावून रागाने बघतायत असं वाटतं. बायकोला तर हमखास वाटतं!

ते "छातीत काही होतच नाही, चिडलोय हे हात बघून कळतं" म्हणाले ना, ते मात्र मला फार महत्त्वाचं वाटलं. धडधड, घाम, पोटात गोळा, ह्यावरून आपल्याला आपलं मन कळतं, आणि हा आजार नुसत्या हातापायांचा नाही, हृदय-आतडी सांभाळणाऱ्या नसांपर्यंतही जातो (बद्धकोष्ठता उगाच नसते). तेव्हा काहींना आतलं सगळं अंधुक जाणवतं. आणि उलटंही होतं, संध्याकाळच्या गोळीच्या आधी कारण नसताना घाबरंघुबरं होतात असं तुम्ही लिहिलंय, ते बहुतेक आधीच्या गोळीचा असर उतरल्यामुळे. आठवडाभर गोळीची वेळ आणि घाबरायची वेळ वहीत लिहा आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा, डोस मात्र स्वतःहून हलवू नका.

आता एक शंका ठेवायचीच. जेवण नको, झोप नाही, "कशाला जगतोय" वगैरे बोलणं असेल तर ते चेहऱ्याचं प्रकरण नाही, ते डिप्रेशन असू शकतं, ह्या आजारात ते बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. लगेच सांगा डॉक्टरांना.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तुम्हीही जा, ह्यांना पाठवून घरी बसू नका.

आणि आज टीव्ही बंद करून शेजारी बसा, कॉलच्या वेळी काय वाटलं ते सरळ विचारा. आवाज बारीक झालेला असणार, उत्तर यायलाही वेळ लागेल, मध्ये तोंड घालू नका. चहा द्या, कप मात्र अर्धाच भरा.