‘मला चढतच नाही’

प्रश्न : मी १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहतो. शनिवारी रूमवर सगळे ‘बसतात’. मी घेत नाही म्हणून मला ‘महाराज’ म्हणतात. रूममेट अर्धा खंबा रिचवतो, तरी त्याला काही होत नाही. मग एखाद्या पेगनं माझं काय बिघडणार? ताई, भाषण नको, कारण सांगा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भाषण नाही देत. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करते, त्यामुळे एवढं ठाऊक आहे की लिव्हरचे फोटो दाखवून विशीतली पोरं घाबरत नाहीत.

तुझ्या रूममेटपासूनच सुरुवात करू. चढत नाही म्हणून हॉस्टेलात त्याची कॉलर ताठ असणार. पण लवकर गरगरणारा, ओकणारा पोरगा दुसऱ्या पेगला थांबतो. याला थांबवणारं काहीच नाही, तो वाढवतच जाणार. पुढे दारूच्या आहारी जाण्याचा धोका अशांनाच जास्त असतो, हे अभ्यासांतूनही दिसलंय. आमच्याकडे दाखल झालेले कितीतरी जण पहिल्याच दिवशी ऐकवतात, ‘मॅडम, मला कधी चढलीच नाही.’ तेव्हा हात असे थरथरत असतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

आता तुझं. परीक्षेची धास्ती, घरची आठवण, एखादीचा नकार, हे शुद्धीत राहून पचवायला माणूस याच वयात शिकतो. मेंदूचा सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. (कायद्यानंही महाराष्ट्रात २१ च्या आत बिअर नाही आणि २५ च्या आत कडक दारू नाही. हॉस्टेलात हे कोण विचारतं म्हणा!) दर शनिवारी ग्लास हाती आला की ते शिकणंच राहून जातं. मग चाळिशीतला बाप्या साहेब ओरडला की बार गाठतो. गांजा ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी पुढे केला, तर तोही नको. घरात कुणाला मनोविकार असेल तर मुळीच नको.

‘गोळ्या चालू आहेत’ असल्या थापा मारू नकोस, पुढच्या शनिवारी नवी थाप लागते. सरळ ‘मला नको’ म्हण आणि चकण्यावर ताव मार. कुणी आडवा झालाच तर लिंबू-ताक पाजू नका, त्यानं उतरत नाही. उलट घशात अडकायची भीती. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. हाका मारून उठत नसेल तर १०८ ला फोन करा.

रूममेटशी सकाळी बोल, बाकीची पोरं नसताना. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. त्याच्याबद्दल विचारायला फोन तूही करू शकतोस.