वहीची किती पानं भरली म्हणजे पुरे?

समुपदेशकाकडच्या पहिल्या भेटीत एक ताई पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवतात. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे दिवसभरात केलेलं चांगलं काम, उजवीकडे चुका. रविवारी रात्री दोन्ही बाजूंची बेरीज. वय पंचेचाळीसच्या आसपास, प्रोटेस्टंट मंडळीच्या (चर्चच्या) सभासद, संडे स्कूलमध्ये शिकवतात, आजाऱ्यांना भेटायला जातात, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतात आणि वर थोडं अधिक देतात. प्रश्न एकच, तारणाचा, म्हणजे पापातून मुक्ती मिळण्याचा : ‘एवढं करूनही माझं तारण झालंय का, याची खात्री वाटत नाही. अजून काय करू?’

(ही हकिगत एका व्यक्तीची नाही. असा प्रश्न घेऊन येणाऱ्या अनेकांच्या अनुभवांतून ती जुळवलेली आहे.)

अशा वेळी पाळक, नातेवाईक, मित्रमैत्रिणी सगळे तत्परतेने एकच उत्तर देतात : ‘अहो, तारण कर्मांनी नाही, कृपेने होतं. फक्त विश्वास ठेवा.’ उत्तर बरोबर आहे. अडचण अशी की ताईंना ते आधीपासून येतं. हेच सांगणारं बायबलमधलं वचन, इफिसकरांस पत्र २:८-९, त्या दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतात. त्यामुळे समुपदेशकाने ते पुन्हा ऐकवलं नाही, फक्त विचारलं, ‘मग अडतंय कुठे?’ त्या जरा थांबून म्हणाल्या, ‘माझा विश्वास तेवढा पक्का आहे का, हेच कळत नाही. प्रार्थनेत मन भरकटतं. मग ती पुन्हा पहिल्यापासून करते.’

मदत करणाऱ्यांची नजर नेमकी इथेच चुकते. कर्मांचा रकाना खोडला जातो आणि त्याच जागी ‘विश्वास’ असं नाव लिहिलं जातं. मोजणं तसंच चालू राहतं. पूर्वी दान किती, भेटी किती हे मोजत होतो. आता खात्री किती, डोळ्यांत पाणी किती, मन एकाग्र किती हे मोजतो. ‘फक्त विश्वास ठेवा’ या सल्ल्यातला ‘फक्त’ अशा माणसाला सगळ्यात जड जातो, कारण दान निदान मोजता येतं, विश्वासाला कुठलं माप लावणार?

म्हणून पुढच्या भेटीत तेच पाठ असलेलं वचन शब्द सुटे करून वाचलं. प्रचलित मराठी भाषांतरात ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे’ असं आहे. त्यातला ‘च’ कृपेला चिकटलेला आहे, विश्वासाला नाही. तारण होतं ते कृपेने. विश्वास ही ते घेण्याची वाट. पुढे ‘तारण झालेले आहे’ असं क्रियापद येतं, ‘होईल’ किंवा ‘होत राहील’ असं नाही. विश्वासाच्या मापाबद्दल मार्क ९:२४ मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप पुरेसा आहे. तो एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. हे अर्धंमुर्धं बोलणं ऐकून येशू त्याला ‘आधी पक्का विश्वास घेऊन ये’ म्हणत नाही. मुलगा त्याच प्रसंगात बरा होतो. रोमकरांस ४:४-५ मध्ये प्रेषित पौल हिशेबाचीच भाषा वापरतो : काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ते देणं असतं, मेहरबानी नव्हे. ताईंची वही मजुरीची होती. मजुरीच्या वहीत फुकट मिळालेलं दान कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला. तिथे तो तसाच राहू दिला.

तिसऱ्या भेटीला ताई तयारीनिशी आल्या. वचनांवर खुणा करून आणल्या होत्या. ही चांगली खूण समजावी. माणूस वाद घालतो तेव्हा तो अजून ऐकत असतो. पहिलं वचन याकोब २:२४ : मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो. हे इफिसकरांसच्या उलट नाही का?

वरवर आहे खरं. पण पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाबद्दलचं एकच वाक्य उद्धृत करतात, उत्पत्ती १५:६, आणि ते कुठे लावतात हे पाहण्यासारखं आहे. पौल सांगतो की अब्राहामाला नीतिमान गणलं ते सुंतेच्या आधी; सुंता येते उत्पत्ती १७ मध्ये. याकोब बोट ठेवतो ते उत्पत्ती २२ वर, इसहाकाच्या अर्पणाच्या प्रसंगावर, म्हणजे कित्येक वर्षांनंतर. पौलाचा प्रश्न आहे : देव माणसाला स्वीकारतो कशाच्या आधारावर? याकोबाचा प्रश्न आहे : ‘माझा विश्वास आहे’ म्हणणाऱ्याचा विश्वास जिवंत आहे की नुसता तोंडचा? देव एक आहे असं भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे याकोबाने पाचच ओळी आधी लिहिलंय. जो उघड्या भावाला ‘ऊब घे’ म्हणून हात हलवत वाटेला लावतो, त्याच्यासाठी हे पत्र आहे. आधीच आठवड्याला चार घरी जाणाऱ्या बाईला ते चाबकासारखं वापरणं म्हणजे दुसऱ्याचं औषध हिला पाजणं.

फिलिप्पैकरांस २:१२ (भीत व कापत आपले तारण साधून घ्या) फार वेळ घेत नाही. पुढची ओळ वाचायची, एवढंच. इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच साधून देतो, असं तेरावं वचन सांगतं. बाराव्या वचनावर थांबलेली माणसं आम्हाला फार भेटतात.

खरा वेळ द्यावा तो मत्तय २५ ला. मेंढरं आणि शेरडं : शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा नीतिमानांना मेंढरांसारखं उजवीकडे आणि बाकीच्यांना शेरडांसारखं डावीकडे उभं करतो. ताईंची सगळी भीती या दाखल्यात होती : तिथे तर राजा कामंच बघतो ना? भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला भेटलात का. म्हणूनच तर वही! समुपदेशकाने त्यांना उजवीकडच्या लोकांची उत्तरं मोठ्याने वाचायला सांगितली. ते विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिलं? परका केव्हा पाहिलं? आजारी केव्हा पाहिलं? त्यांना आठवतच नाही. त्यांच्यापाशी यादी नाही. राजा त्यांना त्यांचीच कामं सांगतो आणि ते बुचकळ्यात पडतात.

मग त्याच शुभवर्तमानातलं ७:२२ उघडलं. इथे यादी आहे : आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला नाही का, भुते काढली नाहीत का, पुष्कळ महत्कृत्ये केली नाहीत का? उत्तर मिळतं, मला तुमची कधीच ओळख नव्हती. लूक १८ मधला परूशीही (धर्मनियम काटेकोर पाळणारा) यादी वाचतो : आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश. शेजारच्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराजवळ सांगायला काहीच नाही. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. लूक १५ मध्ये, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या दाखल्यात, थोरला भाऊ बापाला वर्षं मोजून दाखवतो, चाकरीची भाषा बोलतो. धाकटाही घरी येताना एक भाषण पाठ करून येतो, त्याचं शेवटचं वाक्य असतं, ‘मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा.’ एकोणिसाव्या वचनात ते वाक्य आहे, एकविसाव्यात नाही. मजुरीचा करार तोंडातून बाहेर पडण्याआधीच बाप झगा आणि अंगठी मागवतो.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे दोन्ही मुलं पगारच मागत होती.’ यावर समुपदेशकाने काही जोडायची गरज नव्हती.

एवढ्याने वही सुटली का? नाही. समजणं आणि सुटणं यांत अंतर आहे. इथे दुसरी गोष्ट तपासावी लागते, आणि धार्मिक समुपदेशक ती टाळतात असं आमचं स्पष्ट मत आहे : हा केवळ शिकवणुकीचा गोंधळ आहे, की विचारांच्या सक्तीचा आजारही (ओसीडी) आहे? ताईंनी आठवडाभर घड्याळ लावून नोंद केली. वही, पुन्हा पुन्हा केलेल्या प्रार्थना आणि नवऱ्याला विचारलेले ‘मला क्षमा मिळाली असेल ना?’ हे प्रश्न धरून दिवसाचे दोन तासांच्या वर जात होते. नको असलेले विचार आणि ते शमवण्यासाठीच्या कृती यांत रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करू नये. औषधं घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही, हे समुपदेशकाने आपण होऊन बोलावं. समोरची माणसं विचारत नाहीत, पण मनात तेच असतं.

या भीतीला ख्रिस्ती परंपरेत जुनं नावही आहे. लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणजे टोकदार बारीक खडा, चपलेत शिरलेला. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात गेला तेव्हा तासन्‌तास पापांची कबुली द्यायचा, आणि बाहेर पडल्यावर एखादं राहिलं असं वाटायचं. कॅथलिक जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात याच त्रासाने जिवाला कंटाळला होता. धर्मसुधारणेच्या वादात पुढे दोन टोकांना उभी राहिलेली ही माणसं, खडा मात्र एकच. ताईंना हे ऐकून हसू आलं. तीन भेटींतलं पहिलंच.

सवय सोडवण्याचं काम मात्र रुक्ष आहे. वही पहिल्याच दिवशी फाडायला लावू नये. माणूस घरी जाऊन नवी आणतो. पहिला आठवडा फक्त रविवारची बेरीज बंद. दुसरा आठवडा एक दिवस आड नोंद. तिसऱ्या आठवड्यात रोज एक चांगलं काम असं करायचं की ते लिहायचं नाही, कुणाला सांगायचंही नाही. न लिहिल्यावर येणारी अस्वस्थता ० ते १० मध्ये मोजायची : लगेच, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने. ताईंचे पहिल्या दिवशीचे आकडे ८, ९, ५ होते. मधला नऊ महत्त्वाचा, कारण लोक तिथेच हार मानून वही उघडतात. थांबलं की अस्वस्थता आपोआप उतरते, हे अंगाने कळावं लागतं. प्रार्थना एकदाच, मन भरकटलं तरी ‘आमेन’ म्हणून उठायचं. नवऱ्यालाही एका भेटीला बोलावलं. ते दर वेळी प्रेमाने ‘हो गं, मिळाली क्षमा’ म्हणत होते, आणि त्याचा आराम जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकत होता. त्यांनी एवढंच म्हणायचं ठरलं : ‘याचं उत्तर मी दिलंय. आता पुन्हा देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.’

चौथ्या आठवड्यात गाडी अडली. वही बंद होती, पण ताई मनातल्या मनात बेरीज करत होत्या आणि समुपदेशकाला मेसेज पाठवून ‘हे पाप धरायचं का?’ विचारत होत्या. वहीची जागा समुपदेशकाने घेतली होती! हे जवळजवळ नेहमीच होतं; त्यात हताश होण्यासारखं काही नाही. मेसेजला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न ठरलेल्या भेटीला आणायचा, असा नियम केला. पुढच्या भेटीपर्यंत त्यातले निम्मे प्रश्न त्यांना आठवतही नव्हते.

वही सुरू कधी झाली, हे तेव्हाच विचारलं. आई गेली त्या महिन्यात. लांबलेलं आजारपण, तीन वर्षं शुश्रूषा, आणि नेमक्या शेवटच्या रात्री ताई घरी झोपायला गेल्या होत्या. ती एक रात्र भरून काढायला दोन वर्षांची वही. इथे कृपेची शिकवण लगेच पुढे करू नये. थकून झोपणं हे पाप नव्हे, आणि जे पाप नाही त्याची क्षमा मिळत नसते. म्हणून तर ती कितीही मागितली तरी मिळाल्यासारखी वाटत नाही. ते दुःख होतं. दोन भेटी फक्त आईबद्दल बोलण्यात गेल्या. शेवटी योहानाचे पहिले पत्र ३:२० वाचलं : आपलं मन आपल्याला दोष देतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे.

समोरची व्यक्ती कुठल्या मंडळीची आहे हे आधी विचारून घ्यावं. कॅथलिक माणसाला ‘पापनिवेदनाची (धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याची) गरजच नाही’ असं सांगणं अन्यायाचं आहे आणि निरुपयोगीही. तिथे एकच धर्मगुरू, ठरलेलं अंतर आणि सांगितलेलं पाप पुन्हा न सांगणं, हा जुनाच उपाय लागू पडतो. कॅथलिक शिकवण कर्मांनी तारण मानते, हा समजही तपासून घ्यावा : त्रेंत इथल्या कॅथलिक परिषदेच्या १५४७ च्या आदेशातलं पहिलंच कलम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं हे मत नाकारतं. कृपा आणि सहकार्य यांच्या नात्यावर मतभेद उरतात, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमत्त्वाच्या शिकवणीवर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आहेत. वही दोन्हीकडे सापडते.

‘मग चांगली कामं सोडून देऊ का?’ हा प्रश्न ताईंनी अखेरीस विचारलाच. पौलालाही तो विचारला गेला असावा, रोमकरांस ६:१ वरून तसं दिसतं. इफिसकरांस २ मध्ये नवव्या वचनानंतर दहावं आहे : आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. मुलांकडून पाठ करून घेताना ताई नवव्यावरच थांबत. कामं राहतात, फक्त ती दाराची फी न राहता घरातली कामं होतात. त्यांनी भेटी सोडल्या नाहीत. आठवड्याला चारऐवजी दोन केल्या, कारण गुडघे दुखत होते.

तीन महिन्यांनंतरच्या भेटीत नेहमीचा फॉर्म भरताना समुपदेशकाने विचारलं, ‘गेल्या महिन्यात आजाऱ्यांकडे किती वेळा गेलात?’

ताई आठवू लागल्या. ‘केव्हा बरं गेले होते...’ म्हणाल्या, आणि तो रकाना कोराच राहिला.